‘अंडर ग्रॅज्युएट’चा चौकोन

माझे वडील सुपरवायझर होऊ शकले नाहीत, ते माझ्यामुळे. हे वाक्य इतकं सरळ लिहायला मला बावन्न वर्षांचं व्हावं लागलं. चूक निळ्या शाईतल्या एका खुणेची होती आणि ती मी सतराव्या वर्षी केली. तेवढंच असतं तर हे प्रकरण लिहायला बसलो नसतो, कारण सतराव्या वर्षी कोणीही चुकतं. पण ती चूक मला वेळेत कळली होती, दुरुस्तीला चार दिवस हातात होते, आणि मी तोंड उघडलं नाही. उलट दोष एका भल्या माणसाच्या नावावर जाऊ दिला. जाऊ दिला म्हणणंही स्वतःला सांभाळून घेणं आहे. तक्रारीचा तो कागद मीच लिहिला.

पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, आमचं क्वार्टर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे कठडा घातलेली लहानशी जागा, तिथे बाबांची स्कूटर आणि आईची तुळस एकमेकांना चिकटून उभी असत. दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चाले. पहिला भोंगा झाला की आई पोळ्यांचा तवा चढवी, दुसऱ्याला बाबांचा डबा बंद व्हायला हवा असे, आणि तिसऱ्याला शेकडो स्कूटरी एकदम सुरू होऊन सगळ्या वसाहतीत निळा धूर पसरे. बाबा फिटर होते. सांगलीकडून नोकरीसाठी आलेले, घरात अजून तिकडचंच बोलणारे. आई दर पंधरा दिवसांनी भडंग करी, लसूण इतका कुरकुरीत की वरच्या मजल्यावरची मंडळी वास घेत खाली येत.

त्यात सगळ्यात आधी येत मोघेकाका. ते इंदूरचे. कारखान्याच्या आस्थापना विभागात क्लार्क, म्हणजे कामगारांच्या रजा, बढत्या, अर्ज हे सगळे कागद त्यांच्या टेबलावरून जात. रविवारी त्यांच्याकडून जिरावन मसाला भुरभुरलेले पोहे खाली येत आणि आमचं भडंग वर जाई. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असायची. आई त्यांना चिडवायची, “भावजी, एक वाक्य तरी शुद्ध बोला.” ते म्हणत, “वहिनी, शुद्ध तर फक्त तूप असतं. तेही आजकाल मिळत कुठे?” बाबा हसून लोळायचे. एरवी माझे वडील फार हसणारे नव्हते.

बाबांनी चाळिशीनंतर बी. ए. केलं. आमच्याकडे त्याला ‘प्रायव्हेट’ म्हणत. कॉलेजात न जाता घरी अभ्यास करायचा, फक्त परीक्षेला बसायचं. पहाटे कठड्यापाशी खुर्ची टाकून ते हिंदीतल्या गाइडांवर पेन्सिलीने रेघा ओढत, आणि पहिला भोंगा झाला की पुस्तकात स्क्रूड्रायव्हर ठेवून उठत. इंग्रजीच्या पेपरात दोनदा अडकले. तिसऱ्यांदा सुटले, तेव्हा वर्तमानपत्रात छापलेल्या आकड्यांतला आपला नंबर त्यांनी मला तीन वेळा वाचायला लावला. त्याच संध्याकाळी दारावरच्या पाटीवर नावापुढे स्वतः रंगाने ‘बी. ए.’ लिहिलं. आई म्हणाली, “बरं झालं. दूधवाल्याला कळायला हवं, कुठल्या पदवीधराच्या घरी पाणी घालून दूध देतो ते.” मोघेकाका वरून धावत आले आणि बाबांना मिठी मारून म्हणाले, “जगतापजी, आता तर पार्टी बनते!”

पुढच्याच वर्षी ती नोटीस लागली. पदवीधर कामगारांमधून सुपरवायझरच्या काही जागा भरायच्या होत्या. वयाची अट पंचेचाळीसची. बाबा चव्वेचाळीस पुरे केलेले. अशी नोटीस दरवर्षी निघत नसे, म्हणजे ही त्यांची पहिली संधी होती आणि शेवटचीही. अंगावरचा निळा डगला उतरणार, टेबल मिळणार, आणि मुख्य म्हणजे ज्या इंजिनिअर पोरांनी त्यांना ‘ए फिटर’ म्हणून हाक मारली त्यांच्याबरोबर मिटिंगला बसता येणार. बाबा हे बोलून दाखवत नसत, पण त्या आठवड्यात त्यांनी दोन पांढरे शर्ट शिवायला टाकले.

मी तेव्हा बारावी झालो होतो आणि एम. पी. नगरमध्ये इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जात होतो. सहा महिन्यांत मी घरातला इंग्रजीचा मालक झालो होतो. औषधाच्या बाटलीवरचं मीच वाचायचं, टीव्हीवरच्या बातम्या मीच समजावायच्या. मोघेकाका अर्ज घेऊन आले तेव्हा म्हणाले, “हिंदीवाले फॉर्म आज खतम झाले. उद्या आणून देतो, काही घाई नाही.” मी म्हणालो, “काका, इंग्रजीच भरू या. इम्प्रेशन पडतं.” बाबांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरता आली असती तर बरं झालं असतं असं पुष्कळदा वाटतं.

जेवणं झाल्यावर पाटावर कागद ठेवून आम्ही बसलो. नाव, टोकन नंबर, विभाग, सगळं मी ठळक अक्षरांत भरलं. मग शिक्षण आलं. चार चौकोन होते: मॅट्रिक, अंडर ग्रॅज्युएट, ग्रॅज्युएट, पोस्ट ग्रॅज्युएट. क्लासमध्ये सर म्हणाले होते की बी. ए., बी. एस्सी. या अंडरग्रॅज्युएट डिग्र्या. ते वाक्य मला पाठ होतं. मी दुसऱ्या चौकोनावर पेन नेलं.

“थांब की,” बाबा म्हणाले. “मी ग्रॅज्युएट हाय न्हवं? स्नातक म्हणजे ग्रॅज्युएटच ना?”

“बाबा, बी. ए. ही अंडरग्रॅज्युएट डिग्री असते. सरांनी सांगितलंय.”

“मग ह्या तिसऱ्या चौकोनात कोण येतं?”

हे मला ठाऊक नव्हतं. ‘ठाऊक नाही’ एवढं म्हणायला काय हरकत होती? पण ते शब्द त्या काळात माझ्या तोंडून निघत नसत. मी तिथल्या तिथे ठोकून दिलं. “ते रेग्युलर कॉलेजवाले. प्रायव्हेटवाले अंडरमध्ये येतात.”

बाबांनी वाद घातला नाही. हे मला आज सगळ्यात जास्त लागतं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्यांनी पाटीकडे बोट दाखवून भांडण केलं असतं. पण आपली डिग्री इतरांच्यापेक्षा थोडी खालची असणार, हे त्यांच्या मनात कुठेतरी आधीच बसलेलं असावं. ते नुसते “असंल,” म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. मी खूण केली. सकाळी मोघेकाकांनी बंद पाकीट नेलं. डिग्रीची प्रत साहेबाची सही घेऊन तेच आत लावणार होते.

एका मंगळवारी यादी लागली. बाबांचं नाव अपात्र ठरलेल्यांत होतं, पुढे कारण एका ओळीत: शैक्षणिक अर्हता. हरकत असल्यास शनिवारपर्यंत लेखी द्यावी. बाबा घरी आले, बूट न काढता खाटेवर बसले. आईने पाणी दिलं, ते हातात तसंच राहिलं. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, “सत्या, त्या ‘अंडर’मुळं तर न्हाई ना रे?”

“छे! ते बरोबर होतं.”

बुधवारी क्लास सुटल्यावर मी सरांना एकट्याला गाठलं आणि उगीच सहज विचारतोय असं दाखवत विचारलं. सर फळा पुसत होते. म्हणाले, “डिग्री अंडरग्रेजुएट होती है बेटा, आदमी नहीं. जब तक पढ़ रहा है, तब तक अंडरग्रेजुएट. पास हो गया, तो ग्रेजुएट.”

“और फॉर्म में लिखा हो तो?”

“फॉर्म में अंडर मतलब ग्रेजुएट से नीचे. इसमें पूछना क्या है?” आणि हसून, “किसने गड़बड़ की?”

“एक दोस्त ने,” मी म्हणालो.

एम. पी. नगरपासून पिपलानीपर्यंत सिटी बसला तेव्हा पाऊण तास लागे. पूर्ण वेळ मी वाक्य जुळवत होतो. बाबा, माझी चूक झाली, उद्या जाऊन दुरुस्त करू. एवढंच. डिग्रीची प्रत होतीच, एक साधा अर्ज पुरला असता. घरात शिरलो तेव्हा बाबा आईला सांगत होते, “फॉर्ममध्ये चूक न्हाई. सत्यानं बघून भरलाय, तेवढी तरी खात्री हाय. गडबड पुढं झालीया.” आई म्हणाली, “पुढे म्हणजे वर भावजींकडेच ना? त्यांचा मेहुणा पण यादीत आहे म्हणे. पात्रांच्या.” मी हातपाय धुवायला मोरीत गेलो आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा पानं वाढलेली होती. पिठलं होतं. मी दोन भाकरी खाल्ल्या. बोललो नाही.

गुरुवारी बाबा स्वतः मोघेकाकांना विचारून आले. काका म्हणाले, प्रत लावली होती, देवाशपथ. बाबा परत आले ते चेहरा काळवंडलेला. “लावली होती तर अपात्र कसा?” त्यांचा प्रश्न बरोबर होता. उत्तर त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून नखं खात होतं. त्यांनी मला पॅड आणायला सांगितलं. हरकत इंग्रजीत द्यायची होती.

बाबा मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत लिहीत होतो. अर्जासोबत डिग्रीची प्रत दिली होती, ती कार्यालयात गहाळ झाली असावी, कृपया पुन्हा पाहावे. “सांभाळून लिही,” ते दोनदा म्हणाले. “मोघे हाय तो. त्याला तरास व्हायला नको.” मी मान डोलावली. मला सगळं ठाऊक होतं आणि माझा हात चालूच होता. त्याच आठवड्यात मी एक भारी शब्द शिकलो होतो, मॅला फाइड. वाईट हेतूने, असा त्याचा अर्थ. तो मी ‘गहाळ झाली’च्या अलीकडे बसवला. का, ते मी स्वतःला पस्तीस वर्षं विचारतो आहे. थोडी शब्दाची हौस होती. थोडं असंही असेल की दोष जितका जोराने तिकडे ढकलला जाईल तितका माझ्यापासून लांब जाईल. बाबांनी त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, “ह्ये काय?” मी म्हणालो, “कायद्याची भाषा आहे.” त्यांनी सही केली.

गहाळ झाल्याची तक्रार असती तर कोणीतरी फाइल उघडून पाहिली असती. वाईट हेतूची तक्रार म्हटल्यावर चौकशी बसली. काकांना लगेचच्या सोमवारी टेबलावरून उठवलं, चौकशी होईपर्यंत म्हणून दूरच्या गेटजवळच्या स्टोअरमध्ये पाठवलं, आणि तिथून त्यांना परत कोणी बोलावलं नाही. बाबांना एका ओळीचं उत्तर आलं की हरकतीत तथ्य आढळलं नाही. मुलाखती होऊन गेल्या. पांढरे शर्ट बाबांनी पुढे लग्नाकार्यात वापरले.

काकांना स्टोअरमध्ये पाठवल्यानंतरच्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली. मी दार उघडलं. मोघेकाका होते, हातात पोह्यांचं ताट नव्हतं. दाढी वाढलेली. “बाबा आहेत?”

बाबा आतल्या खोलीत दाढी करत होते. चौकशीत काकांनी फाइल पाहिली असणार, अर्ज पाहिला असणार, हे क्षणात माझ्या लक्षात आलं. ते सांगायलाच आले होते.

“नाहीत,” मी म्हणालो. “बाहेर गेलेत.”

तेवढ्यात आतून बाबांचा खोकला ऐकू आला. चांगला मोठा, तंबाखूचा खोकला, साऱ्या जिन्याला ओळखीचा. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराची कडी धरून उभा. “ठीक आहे, बेटा,” ते म्हणाले. “आले की सांग, मोघे येऊन गेला.” मी कधीच सांगितलं नाही. दोन महिन्यांनी त्यांनी क्वार्टर बदलून घेतलं. सामान उतरवताना काकू आमच्या दारावरून तीनदा गेल्या, आईने खिडकी लावून घेतली.

बाबा फिटर म्हणूनच निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी गेले. सांगायच्या शंभर संधी मला मिळाल्या. दवाखान्यात त्यांचे पाय चेपत बसलो होतो तेव्हाही मिळाली. एकदा तर “बाबा,” म्हणून सुरुवातही केली, आणि त्यांनी डोळे उघडल्यावर मी विचारलं, “चहा घेणार?” मोघेकाका अंत्ययात्रेला आले नाहीत. मला तेव्हा हायसं वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात माझी मुलगी मुक्ता मोबाइलवर कसलासा अर्ज भरत होती. ती बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. “पप्पा, मी अभी अंडरग्रॅड आहे ना? की डायरेक्ट ग्रॅज्युएट टाकून देऊ? रिझल्ट तर येऊनच जाईल.”

“अंडरग्रॅज्युएट,” मी म्हणालो. “पास झालीस की ग्रॅज्युएट.”

“आजोबा काय होते?”

तिने सहज विचारलं होतं. “ग्रॅज्युएट,” मी म्हणालो, आणि माझा आवाज असा काही फुटला की तिने मोबाइल खाली ठेवला. त्या दिवशी मी पहिल्यांदा कोणाला तरी सगळं सांगितलं. तिने विचारलं, “ते काका आहेत अजून?”

काका आहेत. अशोका गार्डनमध्ये, मुलीकडे. मुलगी वंदना घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान चालवते, मागून रेल्वेची लाइन जाते. मी गेलो तेव्हा दुकानात कॉलेजची चार-पाच मुलं आणि एक बाई आधार कार्डाच्या प्रती काढायला उभी होती. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर कापलेल्या कागदांचा गठ्ठा, टाचण्या लावत बसलेले. वंदनाने मला ओळखलं. बसायला स्टूल दिलं, पण चेहरा हलला नाही. “त्यांना ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “कानाचं मशीन आहे, लावत नाहीत. कुरकुरतं म्हणतात. जोराने बोलावं लागेल.”

मी हळू बोलायचं ठरवून आलो होतो. जवळ बसून, हात हातात घेऊन, असं काहीतरी.

“काका, मी सतीश. जगतापांचा.”

“कोण?”

“जगतापांचा सतीश!” दुकानातल्या मुलांनी माना वळवल्या. काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातली टाचणी डबीत ठेवली.

“तो गेला तेव्हा मी आलो नाही,” ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसासारखंच, मोठ्या आवाजात. “वंदना बोलली होती की चला. मी नाही गेलो. फॉर्म मी पाहिला होता. खूण त्याने स्वतः चुकीची केली, आणि नाव माझं लावलं. ठीक आहे, माणूस चुकतो. मी घरी आलो समजावायला, तर आत बसून मुलाकडून सांगवलं, नाहीत म्हणून. मला खोकला ऐकू आला न.” त्यांनी टाचण्यांची डबी बंद केली. “तरी मी बाहेर कोणाला नाही बोललो. ब्लॉकमध्ये हसले असते त्याला. बी. ए. झालेल्या माणसाला ग्रॅज्युएट शब्द नाही समजला, असं. इतकी मेहनत केली होती त्याने.”

मागून गाडी जाऊ लागली. आतली भांडी, काच, माझं स्टूल, सगळं थरथरत होतं. पस्तीस वर्षं या माणसाने माझ्या वडिलांची लाज राखली होती आणि त्याच वेळी त्यांना नीच समजला होता, आणि यातलं काहीही माझ्या वडिलांच्या वाट्याचं नव्हतं. मी उठून त्यांच्या समोर उभा राहिलो.

“काका, खूण मी केली होती!”

“काय?”

झेरॉक्स मशीन थांबलं होतं. वंदनाचा हात झाकणावर तसाच होता. ती बाई, ती मुलं, सगळी माझ्याकडे पाहत होती. गाडीचे डबे संपत नव्हते. मी वाकलो, त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो,

“खूण मी केली होती! बाबा ग्रॅज्युएटच म्हणत होते, मी ऐकलं नाही. यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशीच मला चूक कळली, तरी तुमच्यावरची तक्रार मीच लिहिली. वाईट हेतू हा शब्द माझा, त्यांना तो ठाऊकही नव्हता. दारात खोटं मी बोललो, ते आत होते, त्यांनी तुम्हाला परत पाठवलं नाही. तुम्ही आला होतात हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही, काका. सगळं मी केलं. त्यांच्या वतीनेही माफी मागतो आणि माझ्यासाठीही मागतो, मला माफ करा.”